‘अ‍ॅना कॅरेनिना’ वाचायला घेताय? आधी पात्रांचा तक्ता मांडा

टॉलस्टॉयची ही कादंबरी अवघड नाही. भाषा सरळ आहे, प्रकरणं चार-पाच पानांची आहेत आणि माणसं आपल्या ओळखीतली वाटतील अशीच आहेत. तरी पुष्कळ वाचक पहिल्या शंभर पानांतच पुस्तक बाजूला ठेवतात, कारण नावं कळत नाहीत. एकच माणूस एका पानावर स्तिवा, दुसऱ्यावर स्तेपान अर्काद्यिच आणि तिसऱ्यावर ऑब्लॉन्स्की असतो. वाचणाऱ्याला वाटतं, आणखी दोघं आले.

पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली पात्रयादी याला पुरत नाही. ती आडनावांनुसार लावलेली असते आणि कादंबरी चालते ती नात्यांनुसार. म्हणून स्वतःचा तक्ता मांडायचा, तोही मराठी नात्यांत. नागपुरातल्या एखाद्या वाचनकट्ट्यावर ही कादंबरी लावायची असेल, तर पहिली बैठक यालाच द्या.

एक सूचना आधीच देतो. तक्ता मांडायचा तर कोणाचं लग्न कोणाशी होतं, हे सांगावंच लागतं. शेवट मात्र इथे सांगितलेला नाही.

1. काय काय लागेल

- पूर्ण आवृत्ती. आठ भाग आणि सगळी मिळून 239 प्रकरणं आहेत का, ते अनुक्रमणिकेत मोजून घ्या.
- एक A3 कागद, आडवा धरून वापरायचा. झेरॉक्सच्या दुकानात सुटा मिळतो. A4 वर ही मंडळी मावत नाहीत.
- पेन्सिल, खोडरबर आणि तीन रंगांची बॉलपेनं.
- नावांसाठी एक छोटी वही.

जेल पेन घेऊ नका. उन्हाळ्यात कूलरसमोर बसून वाचणार असाल, तर ओलसर हवेने कागद नरम पडतो आणि जेलची शाई हाताला लागून पसरते. तक्ता पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा, नाहीतर कूलरच्या झोताने दर पाच मिनिटांनी उडेल.

वेळेचा हिशेब सोपा आहे. एप्रिल आणि मे मिळून 61 दिवस होतात. रोज चार प्रकरणं वाचली तर साठाव्या दिवशी पुस्तक संपतं आणि एक दिवस हाताशी उरतो. मेट्रोने जाणाऱ्यांची लोकमान्य नगर ते सीताबर्डी या टप्प्यात दोन प्रकरणं आरामात होतात. तक्त्याचा फोटो मात्र मोबाइलमध्ये ठेवा, A3 कागद डब्यात उलगडता येत नाही.

2. आवृत्ती निवडताना

इंग्रजीत वाचणार असाल, तर कॉन्स्टन्स गार्नेटचा 1901 चा अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहे. लुईज आणि एल्मर मॉड यांचा 1918 चा अनुवादही चांगला वाचला जातो. पेव्हिअर-व्होलोखोन्स्की यांचा 2000 चा आणि रोझमंड बार्टलेट यांचा 2014 चा, हे नवे अनुवाद दुकानात मिळतात.

इथे पहिली फसगत होते. कट्ट्यावर चार जणांकडे चार अनुवाद असले की नावांची चार रूपं होतात. अ‍ॅनाचा नवरा एकात अलेक्सेई अलेक्झांड्रोविच, दुसऱ्यात नुसता कॅरेनिन. काही जुन्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर तर ‘अ‍ॅना कॅरेनिन’ असंच छापलेलं आहे. पुस्तक तेच, कारण पुढच्या पायरीत येईल. गट असेल तर शक्यतो सगळ्यांनी एकच अनुवाद घ्यावा, ते जमलं नाही तर निदान तक्ता एका अनुवादातल्या नावांनी भरावा.

बर्डीवर जुन्या पुस्तकांत स्वस्तातली प्रत हाती आली, तर ती संक्षिप्त नाही ना, हे तपासा. संक्षेप करणाऱ्यांची कात्री सहसा लेव्हिनवर, म्हणजे खेड्यात शेती करणाऱ्या दुसऱ्या मुख्य पात्रावर, चालते. गवत कापणं, शेतमजूर, निवडणूक हे सगळं जातं आणि उरते ती एका बाईच्या प्रेमप्रकरणाची गोष्ट. मराठी संक्षेपालाही हीच कसोटी लावा. लेव्हिन शेतकऱ्यांबरोबर विळा घेऊन गवत कापतो, तो प्रसंग तिसऱ्या भागात नसेल तर पुस्तक परत ठेवा.

3. नावाची रचना समजून घ्या

रशियन नावाचे तीन भाग असतात: स्वतःचं नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं मधलं नाव आणि आडनाव. मराठी माणसाला यात नवीन काही नाही. घोळ होतो तो चार ठिकाणी.

पहिलं, मधलं नाव लग्नानंतर बदलत नाही. आपल्याकडे मुलीच्या नावामागे लग्नानंतर नवऱ्याचं नाव लागतं, तिथे बापाचंच राहतं. अ‍ॅना अर्काद्येव्हना लग्नाआधीही अर्काद्येव्हना आणि कॅरेनिनशी लग्न झाल्यावरही अर्काद्येव्हना. म्हणून मधलं नाव पाहून नवरा शोधू नका.

दुसरं, आडनाव मात्र नवऱ्याचं लागतं आणि ते बाईच्या रूपात बदलतं. कॅरेनिनची बायको कॅरेनिना, लेव्हिनची लेव्हिना, व्रॉन्स्कीची आई व्रॉन्स्काया. काही अनुवादक हा बदल इंग्रजीत गाळतात, म्हणून मघाचं ते ‘अ‍ॅना कॅरेनिन’.

तिसरं, नाव आणि मधलं नाव एकत्र म्हणणं हे आपल्या ‘साहेब’, ‘बाई’, ‘राव’ यांच्या जागी येतं. ‘दार्या अलेक्झांड्रोव्हना’ असं कुणी म्हणालं, तर तो आदराने बोलतोय. ‘डॉली’ म्हणाला, तर घरचा आहे. दोघी एकच.

चौथं म्हणजे लाडाची नावं. सेर्गेईचं सेर्योझा, कॉन्स्टंटिनचं कोस्त्या, दिमित्रीचं मित्या. डॉली, किटी, बेट्सी ही तर इंग्रजी वळणाची नावं, तेव्हाच्या उच्चभ्रू घरांतली फॅशन. किटीचं खरं नाव येकातेरिना.

वहीत प्रत्येक मुख्य पात्राला अर्धं पान द्या आणि जे जे रूप भेटेल ते तिथे लिहा. ही वही साधारण दुसऱ्या भागापर्यंतच लागते.

4. तक्त्याच्या मधोमध अ‍ॅनाला ठेवू नका

ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो, कारण पुस्तकावर तिचं नाव आहे. पण अ‍ॅना पहिल्या भागाच्या अठराव्या प्रकरणात, मॉस्कोच्या स्टेशनवर, पहिल्यांदा दिसते. तोवर कादंबरी डॉलीच्या घरात सुरू झालेली असते. तिचा नवरा स्तिवा मुलांच्या जुन्या फ्रेंच शिक्षिकेच्या नादी लागलेला आहे आणि डॉलीला चिठ्ठी सापडली आहे. सगळी नाती डॉलीच्या माहेरातून आणि सासरातून जातात. म्हणून कागदाच्या मध्यावर सहा नावं एका आडव्या ओळीत लिहा:

कॅरेनिन – अ‍ॅना – स्तिवा – डॉली – किटी – लेव्हिन

कॅरेनिन आणि अ‍ॅना नवरा-बायको. अ‍ॅना आणि स्तिवा सख्खे बहीण-भाऊ. स्तिवा आणि डॉली नवरा-बायको. डॉली आणि किटी सख्ख्या बहिणी. किटी आणि लेव्हिन पुढे नवरा-बायको. तीन लग्नं, दोन भावंडांच्या जोड्या. बाकी सगळी माणसं या ओळीवर किंवा तिच्याखाली टांगायची.

ओळीच्या दोन टोकांकडची माणसं किती लांब आहेत, हेही इथे दिसतं. अ‍ॅना आणि लेव्हिन अख्ख्या कादंबरीत एकदाच भेटतात, तेही सातव्या भागात. ‘दोन वेगळ्या कादंबऱ्या एकत्र शिवल्यात’ अशी तक्रार कट्ट्यावर हमखास निघते. निघाली की या ओळीवर बोट ठेवा. शिवण स्तिवा-डॉलीच्या घरात आहे.

5. रेघांवर मराठी नाती लिहा

इंग्रजी अनुवादात ‘सिस्टर-इन-लॉ’ आणि ‘ब्रदर-इन-लॉ’ या दोन शब्दांत सगळं आटोपतं आणि तिथेच वाचक हरवतो. आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे, तो वापरा.

अ‍ॅना ही डॉलीची नणंद. भावाचा संसार मोडू नये म्हणून नणंद पीटर्सबर्गहून मॉस्कोला येते आणि वहिनीची समजूत घालते, कादंबरीची सुरुवात एवढीच आहे. असं लिहिलंत की तो प्रसंग वेगळाच वाचला जातो. नणंद भावाची बाजू घेणार, हे आपल्याला सांगावं लागत नाही. वहिनीला ती जिंकते कशी, हे बघायचं.

किटी ही स्तिवाची मेव्हणी. लेव्हिन आणि स्तिवा आधी जुने मित्र, मग साडू. किटीची मधली बहीण नताली, तिचा नवरा ल्वोव्ह. तोही साडू. ल्वोव्ह आणि लेव्हिन ही नावं पटकन वाचताना सारखी दिसतात, सातव्या भागात जपा.

लेव्हिनचे दोन भाऊ. निकोलाय सख्खा. सेर्गेई इव्हानोविच कोझ्निशेव सावत्र, आई एक पण वडील वेगळे. म्हणून त्याचं मधलं नावही वेगळं आणि आडनावही. हा किटीचा मोठा दीर होतो.

अ‍ॅनाचा प्रियकर व्रॉन्स्की, त्याला अ‍ॅनाच्या वर लिहा आणि रेघ तुटक काढा. त्याच्या बाजूला आई, भाऊ अलेक्झांडर आणि वहिनी वार्या. बेट्सी त्वेर्स्काया ही व्रॉन्स्कीची चुलत बहीण, शिवाय अ‍ॅनाच्या एका चुलत-आते-मामे भावाची बायको. दोन्हीकडून जवळची म्हणूनच तिच्या दिवाणखान्यात त्या दोघांना भेटता येतं आणि कुणी बोट दाखवू शकत नाही. तक्त्यावर तिच्याकडे दोन रेघा आल्या पाहिजेत. एकच काढली असेल तर दुसऱ्या भागातलं निम्मं राजकारण हातचं जातं.

मुलं खाली. कॅरेनिन-अ‍ॅनाचा सेर्योझा, सुरुवातीला आठ वर्षांचा. अ‍ॅना आणि व्रॉन्स्कीची मुलगी अ‍ॅनी. डॉलीची पाच हयात आणि दोन गेलेली. यातली तान्या आणि ग्रिशा ही दोन नावं पुरे. किटी-लेव्हिनचा मित्या, म्हणजे दिमित्री, आजोबांचं नाव.

अ‍ॅनीची रेघ काढताना थांबा. रक्ताने ती व्रॉन्स्कीची आणि कायद्याने कॅरेनिनची, कारण आईचा घटस्फोट झालेला नाही. सहाव्या भागात व्रॉन्स्की डॉलीजवळ हेच बोलून दाखवतो, आपली मुलगी कायद्याने आपली नाही म्हणून. मधल्या नावानेही उलगडा होणार नाही, कारण दोन्ही पुरुष अलेक्सेई. मुलगी कुणाचीही धरा, अलेक्सेयेव्हनाच. तक्त्यावर तिला एक अखंड आणि एक तुटक रेघ द्या.

6. सारख्या नावांचे सापळे

- अलेक्सेई दोन: नवरा अलेक्सेई अलेक्झांड्रोविच कॅरेनिन, प्रियकर अलेक्सेई किरिलोविच व्रॉन्स्की. लेखकाच्या हातून हे चुकून झालेलं नाही. अ‍ॅनाला पडणाऱ्या स्वप्नात दोघेही तिचे नवरे असतात आणि आजारपणातल्या वातात ती या सारख्या नावाबद्दलच बडबडते. लाल बॉलपेनने खूण करा.
- डॉली अलेक्झांड्रोव्हना, कॅरेनिन अलेक्झांड्रोविच. हे बहीण-भाऊ नव्हेत. दोघांच्या वडिलांची नावं योगायोगाने अलेक्झांडर, एवढंच.
- मार्या निकोलायेव्हना ही निकोलाय लेव्हिनबरोबर राहणारी बाई, त्याची मुलगी नव्हे. निकोलाय हे तिच्याही बापाचं नाव.
- सेर्गेई दोन: छोटा सेर्योझा आणि मोठा कोझ्निशेव.
- अ‍ॅना, अ‍ॅनी, अन्नुष्का: नायिका, तिची मुलगी, तिची मोलकरीण.
- ‘प्रिन्स’ म्हणजे राजपुत्र नव्हे. श्चेर्बात्स्की (डॉली-किटीचं माहेर), ऑब्लॉन्स्की, त्वेर्स्की ही घराणी पिढीजात सरदारांची. किताब सगळ्या मुलांना मिळतो, पैसा मिळतोच असं नाही. स्तिवा प्रिन्स आहे आणि कर्जात आहे. लेव्हिनला किताब नाही, जमीन आहे.

7. गावाप्रमाणे रंग द्या

मॉस्को एक रंग, पीटर्सबर्ग दुसरा, खेडं तिसरा. मॉस्कोत ऑब्लॉन्स्की आणि श्चेर्बात्स्की. पीटर्सबर्गात कॅरेनिन, बेट्सी आणि व्रॉन्स्कीची पलटण. लेव्हिनचं गाव पोक्रोव्स्कोये. या दोन शहरांत रेल्वेने साधारण साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे नागपूर-मुंबईहून कमी, आणि तेही रातोरात. माणसं सतत येतात-जातात, तेव्हा रंग त्यांच्या घराचा द्या, प्रसंगाच्या जागेचा नको.

पीटर्सबर्गच्या माणसांसाठी तीन चौकटी पाडा. टॉलस्टॉयनेच दुसऱ्या भागात तसं सांगून ठेवलंय: कॅरेनिनच्या खात्यातले अधिकारी, काउंटेस लिडिया इव्हानोव्हनाचं धार्मिक मंडळ आणि बेट्सीची मौजमजेची मंडळी. नवं नाव आलं की त्या चौकटीत टाका आणि पुढे चला.

8. कोण कोणाला ‘तू’ म्हणतं

हे इंग्रजीत वाचणाऱ्या मराठी माणसासाठी. रशियनमध्ये आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, इंग्रजीत नाही. त्यामुळे अनुवादक पेचात सापडतो.

पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात स्तिवा बायकोची माफी मागायला तिच्या खोलीत जातो. ती चिडलेली आहे, पण बोलता बोलता त्याला ‘तू’ म्हणून जाते. तो कृतज्ञतेने तिच्याकडे बघतो. मूळ रशियनात एवढंच आहे. गार्नेटबाईंना इंग्रजीत हे दाखवता येईना, म्हणून त्यांनी तिथे तिने त्याला ‘स्तिवा’ म्हटलं असं केलं. मराठी वाचकाला मूळ गोष्ट एका शब्दात कळते.

याहून तिखट प्रकार पुढे आहे. दुसऱ्या भागात व्रॉन्स्की अ‍ॅनाशी फ्रेंचमध्ये बोलतो, कारण रशियन ‘तुम्ही’ फार थंड आणि ‘तू’ धोक्याचं. तिसऱ्या भागात कॅरेनिन बायकोला सगळं कळल्यावर पत्र लिहितो, तेही फ्रेंचमध्ये, कारण फ्रेंच ‘तुम्ही’ रशियन ‘तुम्ही’इतकं कोरडं नाही. नवरा आणि प्रियकर दोघंही एकाच ‘तुम्ही’ला चुकवायला त्याच भाषेत शिरतात. पुस्तकाच्या कडेला पेन्सिलने ‘तू’ किंवा ‘तुम्ही’चा ‘म्ही’ लिहीत चला. कॅरेनिन हे पात्र सगळ्यांना दगड वाटतं. या खुणा केल्यात तर त्याच्याबद्दलचं मत थोडं तरी हलेल.

9. घटस्फोटाचा नियम चिकटवून ठेवा

‘ती सरळ घटस्फोट का घेत नाही?’ हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या बैठकीत येणारच. उत्तर चौथ्या भागातल्या वकिलाच्या प्रसंगात आहे. हा वकील बोलता बोलता हवेत उडणारे पतंगकिडे पकडतो, तेवढ्यासाठीही तो वाचावा. तो तीन कारणं सांगतो: शारीरिक दोष, पाच वर्षं ठावठिकाणा नसणं आणि व्यभिचार. व्यभिचार दोघांनी मिळून कबूल करायचा, नाहीतर पुराव्याने सिद्ध करायचा. दोषी ठरलेल्याला पुन्हा लग्न करता येत नसे. म्हणजे अ‍ॅना दोषी ठरली तर व्रॉन्स्कीशी लग्न नाही आणि कॅरेनिनने दोष अंगावर घ्यायचा तर त्याने खोटं बोलून स्वतःची अब्रू घालवायची. सेर्योझा कुणाकडे, हा प्रश्न वर आहेच. हे चार ओळींत लिहून तक्त्याच्या कोपऱ्यात चिकटवा.

10. कोणाला लिहायचं नाही

नावं शेकड्यांनी येतात. याशविन, गोलेनिश्चेव्ह, सॅफो श्टोल्झ, लिझा मेर्कालोव्हा, स्वियाझ्स्की ही त्या त्या प्रसंगापुरती. सहाव्या भागातल्या सरदारांच्या निवडणुकीत तर एकाही नवीन नावासाठी पेन्सिल उचलू नका. लेव्हिनलाही तिथे काय चाललंय ते कळत नाही.

उलट, बारीक दिसणाऱ्या काहींना जागा ठेवा: किटीची मैत्रीण वारेन्का, लेव्हिनच्या घरची म्हातारी अगाफ्या मिखायलोव्हना, त्याची कुत्री लास्का, व्रॉन्स्कीची घोडी फ्रू-फ्रू. पाचव्या भागापासून लिडिया इव्हानोव्हनाची चौकट मोठी करा आणि सातव्यात येणारा लांदो तिथेच टाका. कॅरेनिनचे निर्णय पुढे त्या चौकटीतून होतात.

11. आठवा भाग सोडू नका

सातवा भाग संपला की कट्ट्यावरचे निम्मे लोक पुस्तक मिटतात. आणखी 19 प्रकरणं उरलेली असतात. मासिकात 1875 पासून क्रमशः छापून येत असताना संपादक कात्कोव्हने हाच भाग नाकारला होता. सर्बियाच्या लढाईला निघालेल्या स्वयंसेवकांबद्दल टॉलस्टॉयचं म्हणणं त्याला पटलं नाही, म्हणून 1877 मध्ये टॉलस्टॉयने तो स्वतः वेगळा छापला.

या भागासाठी नवा कागद लागत नाही. सुरुवातीला कोझ्निशेव गाडीत बसतो आणि व्रॉन्स्की फलाटावर भेटतो, त्या दोघांच्या नावापुढे खूण करा. मग सगळं पोक्रोव्स्कोयेला सरकतं. नवीन नाव एकच टिपायचं, फ्योदोर. मळणीच्या ठिकाणी तो शेतकरी लेव्हिनशी दोन वाक्यं बोलतो. त्याला ओळीच्या उजव्या टोकाला, लेव्हिनच्या खाली लिहा.